पन्नाशीनंतर आठवड्यातून पाच दिवस वजनं: कसं बसवायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय ५८, वजन ७२ किलो. कॉलेजात असताना व्यायामशाळेत जात होतात, मग नोकरी-संसारात बरीच वर्षं खंड पडला, आणि गेली तीन वर्षं पुन्हा नियमित सुरू आहे. सोमवारी पाय, बुधवारी छाती-खांदे, शुक्रवारी पाठ, प्रत्येक वेळी दीड तास. स्क्वॉट, म्हणजे बार खांद्यावर घेऊन बैठक, ८० किलोने सलग पाच वेळा, म्हणजे पाच रेप्स. सोमवारनंतर गुरुवारपर्यंत जिना उतरताना मांड्या ठणकतात, उजवं कोपर काही महिने दुखतंय, रक्तदाबाची गोळी चालू आहे. जिममधल्या तरुण ट्रेनरने सहा दिवसांचं शेड्यूल लिहून दिलंय आणि घरचे म्हणतात, या वयात तीन दिवससुद्धा जास्तच. ऐकायचं कोणाचं?

पाच दिवस जा. मात्र ट्रेनरने दिलेला कागद बाजूला ठेवा, कारण त्यात दिवसही दुप्पट आहेत आणि सेटही (न थांबता केलेल्या रेप्सची एक फेरी म्हणजे एक सेट) दुप्पट. तुमच्या वयात दिवस वाढवायचे ते आठवडाभराचं काम वाटून घेण्यासाठी. एकूण काम वाढवण्यासाठी दिवस वाढवले की सहा-आठ आठवड्यांत कोपर, खांदा नाहीतर कंबर आपला हिशोब मागते. पन्नाशी-साठीच्या लोकांना शिकवताना मी हे इतक्या वेळा पाहिलंय की नवीन माणूस आला की त्याच्या दिवसांआधी मी त्याचे सेट मोजतो.

तुमचेच मोजू. सोमवारी स्क्वॉटचे पाच, लेग प्रेसचे (मशीनवर पायांनी वजन ढकलणं) चार, लंजेसचे (एक पाय पुढे टाकून गुडघ्यात वाकणं) तीन, असे पायांचे बारा सेट एका बैठकीत. पुढचे सहा दिवस पायांना काही नाही. यातले पहिले पाच-सहा सेट कामाचे असतात. त्यानंतर तंत्र ढासळतं, गुडघे आत झुकतात, पाठ गोल होते, आणि त्या सेटमधून ताकद फारशी मिळत नाही, ठणका मात्र पुरेपूर मिळतो. हेच दहा-बारा सेट तीन-चार दिवसांत वाटले तर प्रत्येक सेट ताज्या अंगाने होतो. आठवड्याचं एकूण काम सारखं ठेवलं तर ते दोन दिवसांत केलं काय किंवा पाच दिवसांत, स्नायूंच्या वाढीत फारसा फरक पडत नाही, असंच संशोधन सांगतं. म्हणजे रोज करण्यात जादू नाही. फायदा आहे तो सोसण्यात. स्नायूला तेच काम दोन-तीन दिवसांनी पुन्हा मिळालं की तो सरावतो आणि ठणका जवळजवळ नाहीसा होतो. तुमचा गुरुवारपर्यंतचा जिन्याचा त्रास पहिल्या तीन-चार आठवड्यांतच संपायला हवा.

दुसरा फायदा आपल्याकडे फार मोलाचा आहे. व्यायाम केलेला स्नायू पुढचा एक ते दोन दिवस रक्तातली साखर जास्त चांगली ओढून घेतो, मग तो परिणाम ओसरतो. म्हणूनच मधुमेह असलेल्यांना सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नका असं सांगतात. तुम्हाला मधुमेह नाही, पण घराण्यात असेल तर पाच छोटे दिवस हे तीन मोठ्या दिवसांपेक्षा नक्कीच बरे.

घरच्यांच्या काळजीबद्दल. वय झालं की वजन उचलू नये, ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. १९९४ साली बोस्टनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वृद्धाश्रमात राहणारी ७२ ते ९८ वर्षांची शंभर माणसं त्यात होती. आठवड्यातून तीन दिवस, दहा आठवडे, पायांचा चांगला जड व्यायाम त्यांच्याकडून करून घेतला. व्यायाम करणाऱ्यांच्या स्नायूंची ताकद सरासरी ११३ टक्क्यांनी वाढली. न करणाऱ्यांची जवळपास होती तिथेच राहिली. अठ्ठावन्नाव्या वर्षी तुम्ही त्या मानाने तरुण आहात. घरी हे जरूर सांगा, आणि सोबत रक्तदाबाचं वहीतलं रीडिंगही दाखवा. त्याकडे मी पुढे येतो.

मग मोडतं काय? स्नायू सहसा नाही. स्नायूला रक्तपुरवठा भरपूर, तो दोन दिवसांत सावरतो. हाडाला स्नायू जोडणारा कंडरा सावकाश सावरतो, आणि वयाबरोबर आणखी सावकाश. मांडी ठीक वाटते म्हणून माणूस वजन वाढवत जातो आणि गुडघ्याखालचा किंवा कोपराचा कंडरा मागे राहतो. तीन महिन्यांनी तो दुखायला लागला की दोष त्या दिवशीच्या व्यायामाला दिला जातो. कारण मात्र आधीच्या बारा आठवड्यांत असतं. म्हणून पन्नाशीनंतर वजन वाढवण्याचा वेग कंडऱ्याला झेपेल असा ठेवायचा. स्नायू काय म्हणतो याच्यावर तो ठरवायचा नाही.

आता तुमचा आठवडा. तुमचे ८० किलोचे पाच रेप्स जेमतेम होत असतील, तर एका रेपचं कमाल वजन अंदाजे ९२ किलो धरू. ते प्रत्यक्ष उचलून पाहायची काही गरज नाही.

सोमवार हेवी. स्क्वॉट ७० किलोने चार रेप्सचे तीन सेट, मग बेंच प्रेस (बाकावर उताणं झोपून बार छातीवरून वर ढकलणं) किंवा तेच डंबेलने, पाच रेप्सचे तीन, मग वाकून किंवा मशीनवर रोइंग (वजन पोटाकडे ओढणं) आठचे तीन. पाऊण तासात बाहेर. मंगळवार लाइट: हलक्या वजनाने रोमानियन डेडलिफ्टचे (गुडघे किंचित वाकवून, पाठ सरळ ठेवून कंबरेतून झुकत बार खाली नेणं आणि वर येणं) दोन सेट, एका हाताने डंबेल डोक्यावर दाबण्याचे दोन, लॅट पुलडाउनचे (मशीनची दांडी वरून छातीकडे ओढणं) दोन, आणि शेवटी दोन्ही हातांत डंबेल घेऊन चालणं, वीस-वीस मीटरच्या तीन-चार फेऱ्या. अर्धा तास. बुधवारी बारला हात लावायचा नाही. चाला आणि एका पायावर तोल सांभाळण्याचा सराव करा. गुरुवारी डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार उचलून सरळ उभं राहणं), तीन रेप्सचे तीन सेट, त्यानंतर स्क्वॉट फक्त ५० किलोने पाचाचे दोन आणि बेंचचे हलके दोन. शुक्रवारी पायरीवर चढण्याचे प्रत्येक पायाने आठचे दोन सेट, पोटऱ्या, खांद्यांची मागची बाजू, थोडं रोइंग. शनिवारी मध्यम: स्क्वॉट ६० किलोने पाचाचे तीन, प्रेस पाचाचे तीन, रोइंगचे दोन. रविवारी सुट्टी.

स्क्वॉटचे आठ आणि पायरीचे दोन, म्हणजे पायांचे दहा सेट झाले. पूर्वी बारा होते. सुरुवातीला दोन कमीच बरे. वेळेचा हिशोबही जुळतो. आज तुम्ही साडेचार तास देता, यात सव्वातीनच्या आसपास जातील.

हे आकडे आयुष्यभरासाठी नाहीत, पण पहिले सहा आठवडे त्यांना हात लावू नका. वजन सोपं वाटेल. वाटू द्या. याच काळात कंडरे तयार होतात आणि तंत्र बसतं. बहुतेकांचं गाडं इथेच अडतं: दुसऱ्या आठवड्यात अंग हलकं वाटतं, उत्साह येतो, आणि लाइट डे हळूहळू हेवी डे होऊन बसतो. मग सगळेच दिवस मध्यम-जड होतात आणि एकाही दिवशी अंग सावरत नाही. लाइट डेला घाम फुटला नाही, पंप (स्नायू फुगल्यासारखे वाटणं) आला नाही तरी चालेल. सराव झाला की घरी जायचं.

सेट कुठे थांबवायचा हे मला रेप्सच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं. सेट संपताना अजून दोन रेप्स निश्चित झाले असते असं वाटलं पाहिजे. ओळखायचं कसं? बारचा वेग पाहा. मोबाइल बाजूला टेकवून एक सेट शूट करा. पहिला रेप खालून वर येतो तो एका लयीत. तिसऱ्याला मांडी जमिनीला समांतर असते तिथून थोडं वर आल्यावर बार क्षणभर रेंगाळतो, माणूस हनुवटी वर करतो, कंबर बारच्या आधी वर जाते. असा रेप दिसला की तो त्या सेटचा शेवटचा, कागदावर चार लिहिलेले असोत की सहा. आठवड्यातून एकदा पाय करणाऱ्याला असा रेंगाळलेला रेप अधूनमधून परवडतो. दोन दिवसांनी पुन्हा बारखाली जायचं आहे त्याला परवडत नाही.

तुम्ही म्हणाल, मग सगळंच हलकं का ठेवू नये? हाडांसाठी. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये पाळी गेलेल्या आणि हाडांची घनता कमी असलेल्या स्त्रियांवर एक प्रयोग झाला. आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, देखरेखीखाली आठ महिने डेडलिफ्ट, स्क्वॉट, ओव्हरहेड प्रेस (बार डोक्यावर दाबणं) आणि उडी घेऊन जमिनीवर उतरणं. वजन कमालीच्या ८५ टक्क्यांच्या वर. त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटाची घटली. हाडाला जाग यायला खरा भार लागतो. म्हणून आठवड्यातला एक दिवस हेवी राहिलाच पाहिजे, फक्त त्यातले सेट थोडे आणि स्वच्छ. तुमच्या घरातल्या पन्नाशीपुढच्या स्त्रियांनाही हे लागू आहे, किंबहुना जास्तच. सुरुवात मात्र जाणकाराच्या नजरेखाली व्हायला हवी.

वेगाबद्दल एक गोष्ट, जी आपल्या जिममध्ये कोणी सांगत नाही. वयाबरोबर ताकदीपेक्षा झपाटा आधी आणि जास्त जातो, कारण वेगाने आकुंचन पावणारे स्नायुतंतू जास्त झिजतात. ठेच लागल्यावर पाय पटकन पुढे टाकून सावरण्याला हा झपाटाच लागतो. म्हणून मंगळवारी आणि शुक्रवारी वॉर्मअपनंतर लगेच, अंग ताजं असताना, खुर्चीतून हात न टेकता झटकन उठणं आणि सावकाश बसणं, पाच-पाच वेळा तीनदा करा. किंवा तीन-चार किलोचा मेडिसिन बॉल छातीपासून भिंतीवर जोरात फेका. पाच मिनिटांचं काम आहे.

कोपराकडे येऊ. कोपर पाहिल्याशिवाय मी निदान करणार नाही. पण तुमच्यासारख्या वर्णनात दहापैकी बऱ्याच वेळा मूळ स्क्वॉटमध्ये सापडतं, आणि लोक शोधत बसतात बायसेप्सच्या व्यायामात. बार पाठीवर फार खाली घेतलेला, खांदे आखडलेले, त्यामुळे मनगट मागे मुरडलेलं आणि बारचा काही भार हातांवर. प्रत्येक सेटला कोपराच्या आतल्या बाजूला ताण बसतो. आरशात बाजूने पाहा: मनगट सरळ रेषेत नसेल आणि कोपर मागे वर गेलं असेल तर बार दोन-तीन बोटं वर, मानेखालच्या मांसल भागावर घ्या आणि पकड रुंद करा. त्यावर पुलअप्स आणि सरळ बारने बायसेप्स करत असाल तर ते दोन महिने बंद. त्याऐवजी तळवे समोरासमोर राहतील अशी पकड वापरा. आठवड्यातून पाच दिवस जायचं असेल तर हे सर्वच व्यायामांना लागू: त्याच सांध्यावर रोज त्याच कोनातून भार द्यायचा नाही. बेंच एकदा बारने, एकदा डंबेलने. ओढण्याचा व्यायाम एकदा वरून, एकदा समोरून.

दुखण्यावर माझी पट्टी सोपी आहे. दहापैकी तीनपर्यंतचं दुखणं, जे व्यायाम करताना वाढत नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर कालपेक्षा जास्त नसतं, ते चालवून घ्यायचं. सकाळी सांधा जास्त आखडलेला वाटला तर काल जास्त झालं. पुढच्या वेळी त्या व्यायामाचे सेट अर्धे. सूज, हाता-पायात मुंग्या, रात्री झोपेतून उठवणारी वेदना असेल तर वजन बाजूला आणि डॉक्टर.

तुम्ही पहाटे जाता असं लिहिलंय. रात्रभर आडवं राहिल्याने मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात आणि उठल्यानंतरच्या पहिल्या तासात वाकून वजन उचलणं त्यांना सर्वांत जास्त सोसावं लागतं. पाचला उठून साडेपाचला डेडलिफ्ट, हे नको. उठल्यावर तासभर चालणं, आवरणं होऊ द्या, किंवा गुरुवारचा दिवस संध्याकाळी हलवा.

रक्तदाब. डॉक्टरांना नेमकं सांगा की मी ७० किलो खांद्यावर घेऊन बसतो-उठतो. नुसतं ‘जिमला जातो’ म्हटलं की त्यांच्या डोळ्यासमोर ट्रेडमिल येतं. दम कोंडून जोर लावला की रक्तदाब काही सेकंद प्रचंड चढतो, म्हणून वर येताना श्वास सोडायचा आणि एका रेपचं कमाल वजन हा प्रकार तुमच्यासाठी बंद. सकाळचं रीडिंग १६०/१०० च्या वर असेल तर त्या दिवशी हेवी नाही, आणि तसं दोनदा झालं तर डॉक्टरांना फोन. गोळी बीटा ब्लॉकर प्रकारातली असेल तर नाडीचे ठोके मुद्दाम कमी ठेवलेले असतात, त्यामुळे घड्याळातल्या हार्ट रेटवरून श्रम मोजू नका. बोलताना धाप लागते का ते पाहा. छातीवर दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, डोळ्यापुढे अंधारी यांपैकी काहीही झालं तर सेट सोडून थेट हॉस्पिटल. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर परिणाम झालेल्यांनी नेत्रतज्ज्ञांना विचारल्याशिवाय जोर लावून काही उचलू नये.

आहारात एकच मुद्दा ताणून सांगतो, प्रथिनं. साठीच्या आसपास स्नायू प्रथिनांना कमी दाद देतो, म्हणून वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १ ते १.२ ग्रॅम लागतात. कडक व्यायाम करत असाल तर त्याहून थोडी जास्त. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. ७२ किलोला सुमारे ८५ ग्रॅम. आपलं शाकाहारी ताट इथे कमी पडतं. एक वाटी पातळ वरणातून पाच-सात ग्रॅमच मिळतात. पन्नास ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ म्हणजे अकरा-बारा, पाव लिटर दूध आठ, शंभर ग्रॅम पनीर अठराच्या आसपास, एक अंडं सहा, पन्नास ग्रॅम सोयाबीन वड्या पंचवीसच्या पुढे. आणि सगळं रात्रीच्या जेवणात कोंबायचं नाही. तीन जेवणांत पंचवीस-तीस ग्रॅम असं वाटायचं. नाश्ता हा आपला सर्वांत दुबळा भाग. नुसत्या पोह्यांवर भागवू नका, सोबत दूध, दही किंवा अंडी हवीत. उलटही ध्यानात ठेवा: बोस्टनच्या त्याच अभ्यासात काहींना व्यायामाशिवाय नुसता पूरक आहार दिला होता, त्यांची ताकद वाढली नाही.

उपवास करत असाल तर तो दिवस लाइट डेवर आणा. साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याच्या कुटाखेरीज प्रथिनांचं नाव नसतं. दूध, दही, पनीर, दाणे वाढवा. शाकाहारी असाल तर ब-१२ आणि ड जीवनसत्त्व एकदा तपासून घ्या. ब-१२ कमी असेल तर पायांना बधिरपणा येतो, तोल जातो, आणि माणूस समजतो की व्यायाम सोसत नाही.

सहा आठवड्यांनंतर वजन वाढवायचं ते फक्त सोमवारच्या स्क्वॉटला आणि गुरुवारच्या डेडलिफ्टला, दोन आठवड्यांतून एकदा अडीच किलो. प्रेसला एकच किलो. बहुतेक जिममध्ये सव्वा किलोच्या प्लेट्स जागेवर नसतात आणि अर्ध्या किलोच्या तर नसतातच. स्वतःची जोडी विकत घेऊन बॅगेत ठेवा. दर चौथ्या आठवड्यात वजन तेच ठेवून सेट निम्मे करा. हा आठवडा गणपतीत, दिवाळीत किंवा लग्नाच्या धावपळीत बसवला तर घरातही कुरबूर होत नाही. प्रवासात आठ-दहा दिवस गेले तर परतल्यावर पहिला आठवडा वजनं पाचव्या हिश्शाने कमी.

आजारपणाचं गणित वेगळं. डेंग्यूनंतर ताप गेला, रिपोर्ट ठीक आले, तरी थकवा काही आठवडे रेंगाळतो. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर आधी चालणं, मग दोन लाइट डे, मग बाकीचे. चिकनगुनियात सांधे महिनोन्महिने धरलेले राहू शकतात. तेव्हा पाच दिवसांचा हट्ट सोडा. भिंतीला पाठ टेकून अर्धं बसून राहणं, हलके डंबेल, पाण्यात चालणं, सांधा देईल तेवढंच.

तालमीत रोज जोर-बैठका मारतात, मग आम्ही का नाही, असंही तुम्ही विचारलंय. कोल्हापूरच्या तालमीतला पोरगा लहान वयात कुस्तीच्या मातीच्या हौद्यात उतरतो आणि त्याच्या बैठकांचा आकडा वर्षानुवर्षं चढत जातो. त्याचे कंडरे त्या आकड्याबरोबर घडलेले असतात. रोजच्या मेहनतीची पद्धत त्याच्याकडून घ्या, शेकड्याचा आकडा घेऊ नका. गुडघे ठीक असतील तर बुधवारी दहा जोर, पंधरा बैठका वॉर्मअप म्हणून छान आहेत.

रोजचा निर्णय वॉर्मअपला घ्या. ५० किलोचा सेट नेहमीसारखा उठला तर ठरलेलं करा. तोच जड वाटला, झोप पाच तासांच्या खाली झाली असेल किंवा सकाळपासून अंग कसकसत असेल तर त्या दिवशी लाइट डे करून घरी जा. हेवी दिवस पुढच्या लाइट डेशी अदलाबदल होतो, बुडत नाही. वहीत वजन, सेट, झोपेचे तास आणि कोपराचं दुखणं दहापैकी किती, एवढं लिहा. बारा आठवड्यांनी ताज्या अंगाने ८० किलो घ्या आणि पुन्हा पाच रेप्स करा. पाचवा रेप पहिल्यासारखा वर आला तर शनिवारचा स्क्वॉट ६५ वर न्या. तो रेंगाळला आणि वहीत झोप बरी दिसत असेल तर शुक्रवार काढून चार दिवस करा; चार दिवसांवरही पुष्कळ लोक वर्षानुवर्षं उत्तम प्रगती करतात. आणि बार वर घेऊन, पकड बदलूनही सहा आठवड्यांत कोपराचा आकडा खाली आला नाही, तर पुढची प्लेट लावण्याआधी फिजिओथेरपिस्टकडे जा आणि ती वही सोबत न्या.